गोंगाटातले अवधान : सोलापुरात राहून शांत क्षण शोधणाऱ्या नवशिक्यांसाठी

आमच्या घराची एक भिंत यंत्रमागाच्या कारखान्याला लागून आहे. सकाळी माग सुरू झाले की स्वयंपाकघरातल्या फळीवरचे स्टीलचे पेले किणकिणू लागतात आणि माग थांबेपर्यंत ती बारीक किणकिण चालू राहते. सोलापूरच्या पूर्व भागात हे काही नवलाचे नाही, परंतु बाहेरगावचा पाहुणा आला की पहिल्या पाच मिनिटांत विचारतोच, की या आवाजाचा तुम्हाला त्रास कसा होत नाही. मागांचा त्रास खरोखरच फारसा होत नाही. वीज जाऊन सगळे माग एकदम थांबतात तेव्हा मात्र घरातले प्रत्येक जण मान वर करून पाहते. मुलगी तान्ही होती तेव्हा त्या खटखटीत गाढ झोपायची आणि वीज गेली की रडत उठायची.

सारख्या चालणाऱ्या आवाजाला मेंदू सरावतो आणि त्याची दखल घेणे हळूहळू सोडून देतो, पण आवाजात बदल झाला की लक्ष आपोआप तिकडे वळते. म्हणूनच दिवसभर चालणाऱ्या मागांपेक्षा मिनिटाला एकदा टुणकन वाजणारा फोन माणसाला जास्त दमवतो. गोंगाट थांबण्याची वाट पाहत बसण्यापेक्षा आपले लक्ष कुठे जाते ते ओळखायला शिकणे अधिक उपयोगाचे आहे, असे माझे मत आहे आणि पुढील सर्व सूचना त्याच मतावर आधारलेल्या आहेत. ज्यांनी कधी ध्यान केलेले नाही, ज्यांच्या घरात वेगळी खोली नाही आणि पहाटे उठणे ज्यांना जमणार नाही, अशा वाचकांसाठी हा लेख आहे.

शब्दाचा अर्थ

हल्ली या अभ्यासाला ‘सजगता’ म्हणतात. मला त्यापेक्षा ‘अवधान’ हा जुना शब्द जवळचा वाटतो, कारण तो आपल्या कीर्तनात आहे, निरूपणात आहे आणि लग्नाच्या मांडवातही आहे. ‘सावधान’ म्हणजे अवधानासह. मंगलाष्टकांच्या शेवटी तो शब्द इतक्या मोठ्याने म्हटला जातो, तरी त्या वेळी बहुतेकांचे अवधान पंगतीकडे लागलेले असते हा भाग वेगळा. या क्षणी जे घडत आहे ते घडत असल्याचे आपल्याला ठाऊक असणे, एवढाच त्याचा व्यवहारातला अर्थ आहे. हात भांडे घासत असताना भांडे घासले जात असल्याचे कळत असेल तर ते अवधान झाले, आणि हात भांडे घासत असताना मन कालच्या भांडणात अडकले असेल तर ते नाही.

मन असे अडकणे हा दोष समजू नये. हार्वर्ड विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी २,२५० प्रौढ व्यक्तींना दिवसातल्या कोणत्याही वेळी फोनवरून विचारले, की आत्ता तुम्ही काय करत आहात आणि मनात काय चालले आहे; तेव्हा जवळजवळ ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामाव्यतिरिक्त दुसरीकडेच असल्याचे दिसून आले. नवशिक्याचे मन दर अर्ध्या मिनिटाला पळत असेल तर त्याचे काही बिघडलेले नाही.

पळालेल्या मनाचे काय करायचे, हे मला शेजारच्या कारखान्यात समजले. तिथे घरी तेलुगू आणि बाहेर मराठी बोलणारे एक मामा एकाच वेळी चार माग सांभाळत असत. एकदा मी त्यांच्याजवळ उभा होतो. त्या कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात आम्ही बोलत होतो, म्हणजे ओरडत होतो, आणि बोलता बोलता ते वळून तिसऱ्या मागाकडे गेले. तिथे एक धागा तुटला होता. त्यांनी माग थांबवला, तुटलेली दोन टोके शोधली, चिमटीत धरून गाठ दिली, माग सुरू केला आणि परत येऊन बोलणे जिथे सोडले होते तिथून पुढे चालू केले. धागा तुटला म्हणून त्यांच्या कपाळावर आठी नव्हती. दिवसातून कितीदा धागा तुटतो असे विचारल्यावर ते नुसते हसले. लक्ष तुटले की ते तुटल्याचे कळणे, टोक शोधणे आणि गाठ देऊन काम पुढे चालवणे हाच सगळा अभ्यास आहे. नवशिके मात्र गाठ मारायची सोडून धाग्यालाच दोष देत बसतात. मीही पुष्कळ दिवस तेच केले.

पहिली पायरी : आवाजांची वही

अभ्यासाला बसण्याआधी एक साधा, सुट्टीचा नसलेला दिवस निवडावा आणि त्या दिवशी लक्ष विचलित करणारा प्रत्येक आवाज वेळेसह वहीत लिहावा. माझ्या वहीतल्या एका सकाळच्या नोंदी अशा आहेत : ५.४० शेजारची पाण्याची मोटार, ६.१० माग, ६.३० कुकरच्या शिट्ट्या, ७.०५ घंटागाडीचे गाणे, ७.१० फोन, ७.१२ फोन, ७.१३ फोन, ७.२० दारात भाजीवाला, ७.२१ फोन.

संध्याकाळी या नोंदींचे तीन गट करावेत. स्वतःला बंद करता येणारे आवाज एका गटात, कोणाशी बोलून कमी होऊ शकणारे दुसऱ्यात आणि आपल्या हाताबाहेरचे तिसऱ्यात. मी या वहीला हात घातला तेव्हा खात्री होती की माग पहिल्या क्रमांकावर असतील. प्रत्यक्षात सर्वाधिक नोंदी फोनच्या निघाल्या आणि तो पहिल्या गटातला आवाज होता.

दुसऱ्या गटाबद्दल थोडे सांगितले पाहिजे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, रात्र म्हणजे १० ते सकाळी ६, आणि त्या वेळात उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. सणासुदीसाठी राज्य सरकार वर्षातून ठरावीक दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. नियम माहीत असावा, तक्रार करण्याची वेळ आली तर ती करावीही, पण आधी शेजाऱ्याच्या दारात जाऊन बोलून पाहावे. आमच्या शेजाऱ्यांनी मोटारीखाली जुन्या टायरचे तुकडे घातले आणि निम्मा आवाज गेला.

दुसरी पायरी : फोन

ही पायरी कंटाळवाणी आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. नातेवाइकांचे, सोसायटीचे, जुन्या वर्गमित्रांचे असे सगळे व्हॉट्सअॅप गट म्यूट करावेत. त्यासाठी गट सोडण्याची गरज नाही आणि म्यूट केल्याचे कोणाला कळतही नाही. घरच्या चार-पाच माणसांच्या कॉलखेरीज बाकी सर्व सूचनांचा आवाज बंद करावा. रात्री फोन उशाशी न ठेवता बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावावा आणि गजरासाठी साधे घड्याळ आणावे. पहिले तीन-चार दिवस हात रिकाम्या खिशाकडे जातो. तेवढे सोसावे.

तिसरी पायरी : दहा श्वास

सोलापुरी चादर चौपदरी घडी करून जमिनीवर घालावी आणि तिच्यावर मांडी घालून किंवा गुडघे दुखत असतील तर सरळ पाठीच्या खुर्चीवर बसावे. डोळे मिटलेच पाहिजेत असे नाही. समोर हातभर अंतरावर जमिनीकडे अर्धवट उघडे ठेवले तरी चालतात. श्वास मुद्दाम खोल घेऊ नये. तो जसा येतो-जातो तसा नाकपुड्यांशी किंवा पोटाच्या वरखाली होण्यात जाणवू द्यावा आणि प्रत्येक श्वास बाहेर गेला की मनात एक आकडा मोजावा. दहापर्यंत पोचल्यावर पुन्हा एकपासून सुरुवात करावी. मध्येच मोजणी विसरली तर कितीवर होतो याचा शोध घेऊ नये, सरळ एकवर यावे. मोजता मोजता पंधरा, सोळा, सतरा असे पुढे गेलेलेही लक्षात येईल. आकडे आपोआप चालू आहेत आणि मन बाजारात आहे, याची ती खूण असते.

स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो, म्हणजे दहा श्वासांना मिनिटसुद्धा पुरे लागत नाही. पहिल्या आठवड्यात दिवसातून दोनदा तीन-तीन आवर्तने पुरेशी आहेत. श्वास आत येताना हृदयाची गती किंचित वाढते आणि बाहेर जाताना किंचित मंदावते, त्यामुळे उच्छ्वासावर लक्ष ठेवून मोजणे नवशिक्याला जास्त मानवते असा माझा अनुभव आहे.

वेळ वेगळी काढू नये, ती रोजच्या एखाद्या कामाला बांधावी. मी पहाटे पाचची वेळ, उदबत्ती आणि कोपऱ्यातले आसन अशी जय्यत तयारी करून तीन वेळा सुरुवात केली आणि तिन्ही वेळा आठवड्याच्या आत सोडून दिली, आणि प्रत्येक वेळी दोष शेजाऱ्यांच्या मोटारीला दिला. शेवटी सकाळचा चहा गाळून झाल्यावर आणि पहिला घोट घेण्याआधी, असे ठरवले तेव्हा ते टिकले, कारण चहा काही केल्या चुकत नाही. एप्रिल-मे महिन्यांत मात्र हे सकाळी लवकर उरकावे. आपल्याकडच्या उन्हात दुपारी बारानंतर पत्र्याखाली बसून जे येते ते ध्यान नव्हे, ती ग्लानी असते.

चौथी पायरी : घागर भरताना

श्वास सर्वांनाच जमतो असे नाही. काहींना श्वासाकडे पाहिले की तो अडकल्यासारखा वाटतो. अशांनी आवाजाकडे वळावे, आणि त्यासाठी आपल्या शहराने एक सोय आयतीच करून ठेवली आहे. भीमेवरच्या उजनी धरणातून इतके पाणी येत असूनही सोलापुरात नळ रोज येत नाही, काही दिवसांआड येतो, आणि आला की घरातला प्रत्येक जण हातातले काम टाकून पिंप, घागरी, बादल्या घेऊन नळाशी धावतो. त्या तासाभराला आपण धावपळ समजतो. त्यातली एकच घागर अभ्यासासाठी राखून ठेवावी.

घागर नळाखाली ठेवावी आणि ती भरेपर्यंत फक्त ऐकावे. सुरुवातीला पाण्याचा आवाज तळावर आपटल्यासारखा, रुंद आणि खर्जातला असतो. घागर पाव भरली की त्यातला आपटण्याचा भाग कमी होतो आणि मागून एक सूर ऐकू येऊ लागतो. तो सूर हळूहळू वर चढतो, कारण पाणी वाढते तशी पाण्यावरची हवेची पोकळी आखूड होत जाते आणि आखूड पोकळीतून उंच स्वर निघतो. बासरीची भोके उघडत गेल्यावर स्वर चढतो त्याचे कारणही तेच आहे. घागरीच्या गळ्याशी पाणी आले की हा चढ एकदम वेगाने होतो. आमच्या घरातल्या बायका पाठ वळवून कणीक मळत असतानाही नेमक्या क्षणी ‘नळ बंद कर’ म्हणतात ते याच्याच बळावर. आपण इतकी वर्षे ऐकत असूनही कधी ऐकलेले नसते.

श्वास न जमणाऱ्या नवशिक्यांना हा अभ्यास मी सर्वांत आधी सांगतो. त्याची सुरुवात आणि शेवट ठरलेला आहे, त्यात वाट पाहावीच लागते, आणि मन भरकटले तर घागर ओसंडून पायावर पाणी येते, त्यामुळे चूक सांगायला गुरू लागत नाही.

हाच कान नंतर मागांकडे वळवता येतो. ‘हा आवाज नको’ असे म्हणत ऐकले तर दोन मिनिटेही सोसत नाहीत. पण खटखटीत ठेका कुठला आहे, किती माग चालू आहेत, धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारा मागाचा भाग, इकडून तिकडे जातानाचा आवाज आणि परत येतानाचा आवाज यांत फरक आहे का, असे कुतूहलाने ऐकले तर तोच गोंगाट ध्यानाचे आलंबन, म्हणजे मन टेकवायची जागा, होतो. चांगला, वाईट, कर्कश ही विशेषणे मनात आली की ती आली एवढे जाणून पुन्हा नुसत्या आवाजाकडे परतावे.

पाचवी पायरी : भाकरी

दिवसातले एक काम असे निवडावे, की ते करताना दुसरे काहीही करायचे नाही. रेडिओ नाही, फोन नाही, गप्पासुद्धा नाहीत. अंघोळ, झाडलोट, कपड्यांच्या घड्या यांपैकी काहीही चालेल. मी भाकरी निवडली, आणि तीही वयाच्या चाळिशीत, आई म्हणाली म्हणून.

ज्वारीच्या पिठात कढत पाणी घालून ते परातीत तळहाताने मळताना आधी बोटांना चटका जाणवतो, मग पिठाची रवाळ कड जाऊन गोळा मऊ होत गेल्याचे कळते. गोळा पुरता मळला गेला नसेल तर थापताना कडेला चिरा पडतात. थापताना हात सगळीकडे सारखा पडला पाहिजे आणि भाकरी परातीत गोल फिरली पाहिजे. ती चिकटली तर खाली पीठ कमी पडले असे समजावे. तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवतात. खरे अवधान तिथून लागते. ते पाणी पुरते सुकण्याआधी भाकरी उलटावी लागते. लवकर उलटली तर ती तव्याला चिकटते, उशीर झाला तर वरचा पापुद्रा तडकतो आणि मग ती फुगत नाही. पाण्याची ओली चकाकी कडेकडून मध्याकडे सरकत जाते, ती मध्ये जेमतेम तळहाताएवढी उरली की उलटायची वेळ झाली. हे पुस्तकात वाचून येत नाही आणि दुसरीकडे बघत तर मुळीच येत नाही. पहिल्या आठवड्यात मी ऑफिसातल्या एका साहेबांशी मनातल्या मनात वाद घालत तव्यासमोर उभा होतो, तेव्हा आई मागून म्हणाली, “अरे, बघतोस कुठं? पाणी सुकलं की!” भाकरी तडकली होती. शेंगाच्या चटणीबरोबर ती तशीच खाल्ली.

आई आयुष्यभर रोज पंधरा-वीस भाकऱ्या थापत आली आणि तिने ध्यान हा शब्द कधी वापरला नाही. तिला हे सगळे सांगायला गेलो तर ती म्हणेल की भाकरीकडे बघायचं नाही तर कुठे बघायचं. मात्र वीस भाकऱ्या एकटीने थापण्याला ध्यान म्हणून गौरवणे हा पुरुषांचा शहाजोगपणा आहे, हेही सांगितले पाहिजे. अभ्यासासाठी एक-दोन भाकऱ्या पुरतात. उरलेल्या वाटून घ्याव्यात.

सहावी पायरी : थांबावे लागते तिथे

सात रस्त्याचा सिग्नल, बँकेतली रांग, डॉक्टरांच्या दवाखान्यातला बाक, एस.टी. स्टँडवरची न आलेली गाडी, अशा ठिकाणी हात आपोआप फोनकडे जातो. तो जाऊ द्यावा, पण फोन बाहेर काढण्याआधी तीन श्वास मोजावेत. दुचाकीवर असाल तर डोळे उघडे आणि रस्त्याकडेच असावेत. हँडलवरची बोटे किती घट्ट आवळली आहेत आणि खांदे कानांपर्यंत चढले आहेत का, एवढे पाहून सैल सोडावे. वाहन चालू असताना कोणताही अभ्यास करू नये. तेव्हा वाहन चालवणे हाच अभ्यास.

सातवी पायरी : तळ्याकाठी

तीन-चार आठवड्यांनंतर घराबाहेर एखादी जागा धरावी. सिद्धेश्वर मंदिराभोवतीचा तलाव आणि त्याच्या काठचा भुईकोट किल्ला सोलापूरकरांच्या इतक्या ओळखीचा आहे, की तिकडे आपण पाहुण्यांना घेऊन जातो आणि स्वतः पाहत नाही. सकाळी लवकर जाऊन एका जागी वीस मिनिटे बसावे. पहिली पाच मिनिटे जे दिसते ते पाहावे, पुढची पाच जे ऐकू येते ते ऐकावे, नंतर अंगाला लागणारा वारा आणि बसल्या दगडाचा गारवा यांकडे लक्ष द्यावे, आणि शेवटची काही मिनिटे काहीही न ठरवता बसावे. कंबर तलावाच्या काठीही हे करता येईल.

सिद्धेश्वर तलावाबद्दल एक कथा सांगितली जाते ती इथे आठवते. बाराव्या शतकातले सिद्धरामेश्वर हे तलाव खोदणारे, मंदिरे उभारणारे कर्मयोगी होते. तलावाचे काम जोरात चालू असताना त्याच काळातले शरण संत अल्लमप्रभू तिथे आले आणि त्यांनी सिद्धरामांना खणत्यांचा वड्डर म्हणून डिवचले. बाहेर एवढे खणतोस, आत काय खणलेस, असा त्या डिवचण्याचा रोख होता. पुढे सिद्धराम त्यांच्याबरोबर कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, गेले. कथा सांगणारे अल्लमप्रभूंच्या प्रश्नावर थांबतात. मला मात्र नेहमी वाटते की तलावही राहिला आणि आजही आपण त्याच्याच काठी बसतो, तेव्हा कामाचा आणि आत पाहण्याचा झगडा वाटतो तितका मोठा नसावा.

गर्दीतही हा अभ्यास होतो. जानेवारीत मकरसंक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वजांची मिरवणूक निघते, तेव्हा ‘हर्र बोला हर्र’ च्या गजरात स्वतःचा आवाजही ऐकू येत नाही. पांढऱ्या बाराबंदीत नंदीध्वज पेलणाऱ्याकडे त्या गर्दीत एकदा नीट पाहावे. भोवती एवढा जल्लोष असताना त्याचे सगळे लक्ष त्या उंच काठीच्या तोलाकडे असते, आणि ते एका दिवसात आलेले नसते. यात्रेच्या आधी पेलण्याचा सराव चालतो. गर्दीत उभे राहून नवशिक्याने एवढेच करावे : दोन्ही तळपायांवर आपले वजन कसे पडले आहे ते जाणवून घ्यावे आणि गजर कानावरून जाऊ द्यावा.

अडचणी

झोप येणे ही सर्वांत सामान्य अडचण आहे. रोज झोप येत असेल तर रात्रीची झोप अपुरी पडत आहे, आणि ती भरून काढणे ध्यानापेक्षा आधीचे काम आहे. चिडचिड वाढल्यासारखी वाटणे हेही पहिल्या पंधरवड्यात होते. चिडचिड आधीपासून होती, ती आता दिसू लागली.

मागांवर किंवा अशाच आवाजाच्या कामावर वर्षानुवर्षे राबलेल्यांना शांत खोलीत बसल्यावर कानात सतत शिट्टी वाजल्यासारखे होऊ शकते, कारण मोठ्या आवाजाने कानाच्या आतल्या नाजूक पेशींना इजा होते आणि ती भरून येत नाही. अशा माणसाला पूर्ण शांततेत बसवणे क्रूरपणाचे आहे. त्याने पंखा चालू ठेवावा, पाण्याच्या आवाजाशी बसावे, कानाच्या डॉक्टरांना दाखवावे आणि कामावर असताना कानांत बोळे घालावेत.

काही जणांना डोळे मिटून बसले की जुन्या दुखऱ्या आठवणी उसळून येतात, छाती धडधडते, घाबरे होते. अशा वेळी जिद्दीने बसून राहू नये. डोळे उघडावेत, उठून चालावे, थंड पाण्याने हात धुवावेत आणि श्वासाचा अभ्यास सोडून भाकरी-घागरीसारख्या हातांच्या कामांवर राहावे. मन सतत उदास असेल किंवा झोप-भूक उडाली असेल तर हा लेख पुरेसा नाही. मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे किंवा सरकारच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे, तिथे मराठीतही बोलता येते.

शिबिराला जावे का, असे बरेच जण विचारतात. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात दुखण्या-ताणाच्या रुग्णांसाठी सुरू केलेला सजगतेचा अभ्यासक्रम आठ आठवड्यांचा आहे, आणि आपल्या इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रात विपश्यनेचे शिबिर दहा दिवसांचे असते, तिथे मौन पाळावे लागते आणि शुल्क नसते. ज्याला दहा श्वास मोजायचा सराव नाही त्याने एकदम दहा दिवसांच्या मौनाला जाऊ नये, असा माझा सल्ला आहे. दोन-तीन महिने घरी करून मग जावे. जाण्याआधी शिबिर कसे चालते ते विचारून घ्यावे. मी एकदा शहरातल्याच एका रविवारच्या ‘शांतता सत्रा’ला गेलो होतो, तिथे ध्वनिवर्धकावर बासरी इतक्या मोठ्याने लावली होती की शेजारच्या गृहस्थांनी कानांत रुमालाची टोके कोंबली.

घरच्यांना यात ओढू नये. आपण चादरीवर बसलो असताना कोणी हाक मारली तर ओ द्यावी, उठावे, काम करून परत बसावे. ‘ध्यानात आहे’ म्हणून खेकसणारा माणूस घरातल्या आवाजांत एकाची भरच घालतो.

अभ्यास मध्ये तुटतोच. घरात लग्न असते, कोणी आजारी पडते, दिवाळीचा फराळ असतो, यात्रेचे दिवस असतात, आणि आठ-दहा दिवस काहीच होत नाही. बुडालेले दिवस भरून काढण्यासाठी एकदम अर्धा तास बसू नये आणि मुहूर्तही शोधू नये. पुढच्या वेळी नळ येईल तेव्हा पहिली घागर लावावी, फोन आत ठेवावा आणि ती गळ्यापर्यंत येईस्तोवर ऐकावे.